हरवलेल्यांची खोली

मावशीला ती नोकरी मिळाली ती तिची मुलगी हरवली म्हणून.

तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती आणि एका पाळणाघरात आया होती. नवरा ट्रकवर असायचा, महिन्यातले चार दिवस घरी. शहराबाहेर मुलांसाठी मोठी बाग झालीय, आत घोड्यांची चक्री आहे, छोटी आगगाडी आहे, होड्या आहेत, असं जो तो सांगत होता. म्हणून एका रविवारी ती चार वर्षांच्या लेकीला घेऊन गेली. चक्रीजवळ तिने लेकीचं बोट सोडून स्वतःच्या बुटाचा बंद बांधला. मान वर केली तर लेक नव्हती.

तिने आरडाओरडा केला नाही. बागेला बाहेर पडायचं एकच फाटक होतं. ती तिथे गेली, समोरच्या दगडी कट्ट्यावर बसली आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मुलाचं तोंड बघू लागली. दोन तास ती तशीच बसली होती. ज्याने ही बाग उभारली तो माणूस रोज संध्याकाळी फाटकाच्या बिजागऱ्या स्वतः तपासायचा. सगळे त्याला थोरले म्हणत. त्यांनी तिला विचारलं, काही हरवलंय का. ती म्हणाली, मुलगी.

"मग अशा बसलात काय, बाई? हाका मारा की."

"हाक मारली तर तिला वाटेल मी चिडलेय. चिडलेला आवाज ऐकला की ती लपते. बाहेर जायला वाट ही एकच आहे. मी वाट धरून बसलेय."

थोरल्यांनी माणसं पिटाळली. लेक होड्यांच्या शेडमध्ये सापडली, उलट्या घातलेल्या होडीखाली, डोळे टक्क उघडे. पुढच्याच आठवड्यात थोरल्यांनी मावशीला बोलावणं धाडलं.

थोरले मुळात बसच्या बॉड्या बांधणारे कारागीर. वेल्डिंगने दोन्ही तळहात भाजून चिवट झालेले, तोंड फाटकं, राग नाकावर. एकदा रडणाऱ्या मुलाला बघून हसला म्हणून त्यांनी चक्रीवाल्याच्या सगळ्यांदेखत थोबाडीत मारली होती. स्वतःच्या मुलावर त्यांची माया कितपत होती, ते सांगता येत नाही. तो आठ वर्षांचा असल्यापासून दर उन्हाळ्यात त्यांनी त्याला सशाचा मुखवटा घालून फाटकात उभा केला, कारण पगारी माणसं मुलांशी नीट हात मिळवत नाहीत असं त्यांचं म्हणणं. मुखवट्याच्या आत पोराला घामोळं यायचं. त्याला काढायची परवानगी नसायची.

पण एका बाबतीत ते फार हळवे होते, आणि ती गोष्ट त्यांनी मावशीला नोकरीच्या पहिल्याच दिवशी सांगितली. सहा वर्षांचे असताना ते बाजारात हरवले होते. एका दुकानदाराने त्यांना उचलून टेबलावर उभं केलं, म्हणजे लांबून दिसतील. बघता बघता माणसं जमली. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी त्यांची घसरलेली चड्डी दाखवून हसलं. कोणीतरी म्हणालं, गाणं म्हण, मग आई येईल. ते गाणं म्हणत राहिले. आई संध्याकाळी आली. ती घटका माझ्या डोक्यातून जात नाही, ते म्हणाले, ही बाग मी त्या टेबलावरून खाली उतरायला बांधली. मोठमोठ्या गोष्टी ते कधी बोलत नसत. एवढं एकच वाक्य बोलले आणि लगेच दाराच्या कडीला तेल लागतंय का ते बघू लागले.

पाण्याच्या टाकीमागे एक खोली होती, तिचं दार रस्त्याकडे उघडत नव्हतं. खिडकीला जाड पडदा. दोन बुटक्या खुर्च्या, एक चटई, माठ, बिस्किटांचा डबा. घड्याळ मुद्दाम लावलेलं नव्हतं. हरवलेलं मूल तिथे आणायचं, मावशीने त्याच्यापाशी बसायचं, आणि आईबापांना माणसं पाठवून शोधायचं. लाउडस्पीकर नाही. दाराशी कोणी जमायचं नाही. बागेत कायदा असा हा एकच होता. बाकी सगळं थोरल्यांच्या लहरीवर.

मावशीचा हात या कामात लवकर बसला. मुलाला नाव विचारायचं नाही, हे ती पहिल्या महिन्यातच शिकली. नाव विचारलं की मुलाच्या लक्षात येतं की या बाईला आपण कोण ते माहीत नाही, आणि ते भोकाड पसरतं. आईने कसले कपडे घातलेत तेही विचारून उपयोग नव्हता. लहान मुलाला माणूस कमरेपासून खालीच दिसतो. ती चपला विचारायची. बाबांच्या बुटाला काय लागलंय, आजीच्या पिशवीचा कुठला बंद तुटलाय. मुलं अचूक सांगत. मग ती फाटकावरच्या माणसाला निरोप द्यायची की डाव्या पायाला पट्टी बांधलेली बाई शोध. अर्ध्या तासात गाठ पडायची. आया यायच्या, मुलाला कवटाळायच्या, आणि मावशीकडे न बघता निघून जायच्या. तिला त्याचं काही वाटत नसे. अशी पंचवीस वर्षं गेली. मधे नवरा एका वळणावर ट्रकसकट गेला, लेक शिकली, सासू अंथरुणाला खिळून दोन वर्षांनी सुटली. खोली तशीच होती.

मग थोरल्यांचं डोकं उताराला लागलं. आधी किल्ल्या विसरायचे, मग माणसं. एक दिवस त्यांनी आपल्याच मुलाला विचारलं, तुझी कामाची पाळी कधी संपते. मुलाने, म्हणजे धाकट्या साहेबांनी, त्यांना घरी बसवलं, सोबतीला एक परिचारक ठेवला आणि बाग ताब्यात घेतली. साहेब वाईट माणूस होता असं कोणाला म्हणता आलं नसतं. तो सगळ्यांना अहो-जाहो करायचा, आवाज चढवायचा नाही. त्याने चक्री मोडीत काढली, तिथे आकाशात उलटं टांगणारा झोका आणला. आगगाडीचे रूळ उखडून खाऊच्या दुकानांची रांग केली. झाडाखालचे बाक काढले, कारण बाकावर बसलेलं माणूस काही विकत घेत नाही. आणि फाटकातच बापाचा दुमजली उंचीचा फोटो लावला. त्याखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'प्रत्येक मुलाच्या चेहऱ्यावर हसू हेच माझं स्वप्न.' थोरले जन्मात असं बोलले नव्हते. त्यांच्या तोंडी ते वाक्य घातलं होतं प्रसिद्धी विभागात नव्याने लागलेल्या मुलीने. ती मुलगी म्हणजे मावशीची लेक.

मावशीला लेकीचा अभिमान होता. आपण टाकीमागच्या खोलीत आयुष्य काढलं, लेक काचेच्या केबिनमध्ये बसते, याचं तिला अप्रूप होतं. त्यामुळे लेक एक दिवस खोलीत आली, चारी भिंती न्याहाळून म्हणाली की आई, इथे रोज केवढं घडतं आणि कोणाला दिसतच नाही, तेव्हा मावशीला ते कौतुकच वाटलं. आठ दिवसांत पडदा गेला. खिडकी मोठी करून तिला काच बसवली. कोपऱ्यात कॅमेरा आला. आई मुलाला कवटाळते तो क्षण टिपायचा आणि बागेतल्या मोठ्या पडद्यावर दाखवायचा. लोक बघता बघता डोळे पुसत.

फक्त एक अडचण होती. कधी कधी आईबाप फारच लवकर यायचे, कॅमेरावाला जेवायला गेलेला असायचा. मग लेकीचा फोन यायचा की दहा मिनिटं थांबव. मावशी थांबवायची. पहिल्यांदा तिच्या जिवावर आलं. दाराबाहेर बाप उभा, आत मूल हुंदके देतंय, आणि ती कडी धरून सांगतेय की आत्ता येतात हं, आत्ता येतात. दुसऱ्यांदा कमी अवघड गेलं. वर्षभरात तिला कळायला लागलं की दहा मिनिटं थांबवलेलं मूल जास्त जोरात धावतं. हे तिने स्वतःहून लेकीला सांगितलं. लेक म्हणाली, बघ, तुझ्याइतकं हे कोणालाच कळत नाही.

बागेला तीस वर्षं झाली त्या दिवशी सकाळी थोरल्यांना आणलं. नवा कोट, हातात फुलं, फोटो काढून झाले की परत न्यायचं असं ठरलं होतं. परिचारक दोन मिनिटं सावलीला गेला आणि थोरले उठून चालू लागले. ते उलट्या झोक्याच्या रांगेत शिरले. तिथल्या पोराने मनगटावरचा तिकिटाचा पट्टा विचारला. पट्टा नव्हता. त्याने ओळखलं नाही, कसं ओळखणार, फोटोत ते पन्नाशीचे होते. त्याने त्यांचा दंड धरून रांगेबाहेर काढलं आणि मागचे लोक ओरडले की म्हातारबा, नंबर लावा. ते दुकानांच्या गल्लीत तासभर फिरत होते. शेवटी एका झाडूवालीने त्यांना हाताला धरून टाकीमागे आणलं. पँट ओली झाली होती. फुलं हातातच होती.

मावशीने त्यांना बुटक्या खुर्चीवर बसवलं. गुडघे पार छातीशी आले. तिने बिस्कीट दिलं. त्यांनी ते खाल्लं नाही, मुठीत धरून ठेवलं. मग तिच्याकडे न बघता विचारलं,

"आई आली का?"

"येतेय."

"तिच्या चपलेला खिळा मारलाय. उजव्या."

तिने आपली चादर काढली आणि काचेच्या चौकटीला खिळे ठोकून लावली. टॉवेल ओला करून त्यांचे पाय पुसले. मग साहेबांच्या घरी गाडीसाठी फोन करायला उचलणार तोच फोन वाजला. लेक होती. झाडूवालीने तिकडे आधीच सांगितलं होतं.

लेक म्हणाली, त्यांना तिथेच ठेव. साहेब येताहेत, कॅमेरे येताहेत, समोरचं पटांगण भरलंय. बाग उभारणारा स्वतःच्या बागेत हरवला आणि मुलाला सापडला. आई, असा दिवस पुन्हा मिळायचा नाही. मावशीने सांगितलं की त्यांचे कपडे ओले आहेत. लेक म्हणाली कोट लांब आहे, दिसणार नाही.

मावशीने फोन ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा आतून कडी लावली.

बाहेर माणसं जमल्याचा आवाज येऊ लागला. थोरले आवाजाकडे कान देऊन बसले. आधी साहेबाने दार वाजवलं, नम्रपणे, मावशी उघडा, बाबांना घरी न्यायचंय. मग परिचारकाने वाजवलं. ती दाराला पाठ लावून उभी राहिली. पाऊण तास ती हटली नाही. मग बाहेरून लेकीचा आवाज आला. तो अगदी जवळून, दाराच्या फटीतून येत होता. ती चिडलेली नव्हती.

"आई, हा मोठेपणा कोणासाठी चाललाय?"

मावशी म्हणाली, या माणसाने मला काय सांगितलं होतं ते तुला माहीत आहे. हरवलेल्या मुलाचा तमाशा करायचा नाही. तू हरवली होतीस तेव्हा मी तुझा केला नव्हता.



"होडीखालच्या फटीतून फाटक दिसत होतं," लेक म्हणाली. "तू दिसत होतीस. कट्ट्यावर बसली होतीस. मी वाट बघत होते, तू हाक मारशील म्हणून. दोन तास. तू उठलीसुद्धा नाहीस. मला वाटलं, तुला बरं वाटतंय मी गेले ते."

मावशी दाराकडे वळली.

"तू चार लोक गोळा केले असतेस तर चाललं असतं मला. टेबलावर उभं केलं असतंस तरी चाललं असतं. निदान कळलं असतं की कोणीतरी शोधतंय. तुझ्या त्या शहाणपणावर याने तुला नोकरी दिली. मला विचारलं नाही कोणी."

तिने कधीच हे सांगितलं नव्हतं. तीस वर्षं एका घरात, एका ताटात जेवून. मावशीला कितीतरी बोलायचं असेल, की मी डोळ्यांत तेल घालून बघत होते, की माझे हातपाय गार पडले होते. पण तिने फक्त कडी काढली. पुढे कोणी विचारलं तर ती सांगायची की लेकीचं म्हणणं पटलं म्हणून काढली. खरं ते तसं नव्हतं. तिला फक्त त्या दारातून आणखी काही ऐकायचं नव्हतं.

दार उघडताच उजेडाचा झोत आत आला. साहेब पुढे झाला आणि त्याने हात पसरले. थोरले किंचाळले. त्यांनी मूठ उगारली, बिस्किटाचा चुरा साहेबाच्या कोटावर पडला, आणि मग त्यांनी मावशीचं बोट घट्ट पकडलं. तिने ते सोडवून घेतलं. परिचारकाने दोन्ही काखांत हात घालून त्यांना बाहेर आणलं, पटांगणातल्या चौथऱ्यावर चढवलं आणि कोणीतरी त्यांच्या तोंडासमोर माईक धरला. समोर पाच-सहा हजार माणसं होती. थोरल्यांनी त्या माणसांकडे पाहिलं. त्यांचं किंचाळणं एकदम थांबलं. त्यांनी हात शिस्तीत बाजूला सोडले, मान वर केली आणि बारीक, चिरक्या आवाजात ते गाणं म्हणू लागले. दोन ओळींचं काहीतरी होतं, लहान मुलांचं. ओळी संपल्या की पुन्हा पहिल्यापासून. लोकांना वाटलं बागेचं जुनं गाणं असेल. त्यांनी ताल धरला. साहेबाने माईक काढून घ्यायचा प्रयत्न केला, पण थोरले थांबेनात. ते गर्दीत कोणाला तरी शोधत होते आणि म्हणत होते. अकरा वेळा म्हटलं. मावशी दाराशी उभी राहून मोजत होती. मोजण्याखेरीज तिने काही केलं नाही.

किंचाळणं कापून तो व्हिडिओ दुसऱ्या दिवशी बाहेर आला आणि देशभर गाजला. लेकीला बढती मिळाली. मावशीला सेवेचं मानपत्र मिळालं, त्यावर लिहिलं होतं की संस्थापकांच्या विचारांची खरी वारसदार. थोरल्यांनी त्या दिवसापासून खाणं सोडलं होतं. पाच आठवड्यांनी ते गेले. त्या दिवशी बाग चालूच होती. साहेब म्हणाला, बाबांना हेच आवडलं असतं. तो मनापासून बोलला. मुखवट्यातल्या पोराला बापाची तेवढीच ओळख झाली होती.

पुढच्या हंगामापासून प्रत्येक मुलाच्या पट्ट्यात चिप आली. मूल कुठे आहे ते आईबापांना फोनवर दिसू लागलं. कोणी हरवेनासं झालं. खोलीला काम उरलं नाही, पण लोक येऊन विचारत की ती व्हिडिओतली खोली कुठे आहे. तेव्हा लेकीने नवा खेळ काढला. मुलाने दहा मिनिटं खोलीत बसायचं, आईबापांनी दोरीपलीकडे उभं राहायचं, घंटा झाली की दार उघडायचं, मुलाने धावत जायचं, आणि त्याची चित्रफीत घरी न्यायची. उलट्या झोक्यापेक्षा इथली रांग मोठी असते. मावशी तिथेच आहे. मुलांना ती शिकवते, आधी थोडं खाली बघ, मग एकदम वर बघ, मग धाव. जे रडत नाही त्याला ती हळूच सांगते की आई बहुतेक येणार नाही.

लेकीशी तिचं बोलणं चालू आहे. भाजी काय आणायची, गॅस कधी संपला. त्या दिवसाचा विषय दोघींपैकी कोणी काढत नाही. एकदा मावशीने ताट वाढता वाढता म्हटलं की मी तेव्हा खरंच शोधत होते गं. लेक म्हणाली, माहितेय, आणि आमटी वाढ म्हणाली.

या उन्हाळ्यात एक दिवस पाचेक वर्षांची एक मुलगी एकटीच खोलीच्या दाराशी आली. तिच्या मनगटावर पट्टा नव्हता, कुठेतरी अडकून तुटला असावा. ती रडत नव्हती. तिने मावशीला सांगितलं की माझी आई दिसत नाही. मावशीच्या एका हातात घंटा होती, आत एक मुलगा बसलेला, दोरीपलीकडे त्याचे आईबाप तयार. तिने मुलीकडे पाहिलं, मोठ्या मायेने हसली आणि म्हणाली, "छान म्हणतेस. पण आधी रांगेत उभी राहा, राणी. नंबर आला की मग सांग."

मुलगी रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. अडीच तास ती उभी होती. पुढच्या बायकांना वाटलं ती मागच्यांची आहे, मागच्यांना वाटलं पुढच्यांची. नंबर आला तेव्हा आईबाप कुठे आहेत असं विचारल्यावर ती पुन्हा तेच म्हणाली, आणि रांगेतल्या लोकांनी तिच्या अभिनयाला टाळ्या दिल्या.